विरार लोकलने क्राफ्ट बिअरची सफर: मुंबईतले टॅपरूम कोणत्या क्रमाने पाहायचे?

वसई-विरारच्या माणसाने मुंबईत कुठलाही बेत आखला, की आधी एकच प्रश्न येतो: परत कसं यायचं? क्राफ्ट बिअरच्या टॅपरूमचंही तेच आहे. मुंबईत परमिट रूम रात्री दीडपर्यंत चालू ठेवता येते, पण मध्यरात्रीनंतर विरारच्या गाड्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरतात. शेवटची चुकली, तर पहाटेपर्यंत फलाटावरचा बाक नाहीतर खिसा रिकामा करणारी टॅक्सी.

सोशल मीडियावर फिरणाऱ्या 'मुंबईतले टॉप टेन ब्रूपब' छाप याद्या त्यामुळे आपल्या फारशा कामाच्या नाहीत. त्या वांद्र्यात राहणाऱ्यांसाठी केलेल्या असतात. आपल्याला लागतो तो रेल्वेच्या नकाशावर बसणारा क्रम, आणि त्याचा नियम सोपा आहे: सगळ्यात लांबचं ठिकाण सगळ्यात आधी. म्हणजे प्रत्येक ग्लासबरोबर आपण घराच्या जवळ येतो.

टॅपरूम म्हणजे नेमकं काय?

बाटलीतली बिअर साधारणपणे गाळून, गरम प्रक्रिया करून टिकाऊ केलेली असते. टॅपरूममध्ये मिळणारी बिअर मात्र ताजी असते. ती थंड टाकीतून किंवा 'केग' नावाच्या स्टीलच्या पिंपातून थेट नळाने ग्लासात येते. त्या नळाला म्हणायचं टॅप. काही ठिकाणी काचेपलीकडे बिअर बनवायच्या मोठमोठ्या टाक्याही दिसतात. अशा जागेला ब्रूपब किंवा मायक्रोब्रुअरी म्हणतात.

बिअर कशी बनते हे आपल्याकडच्या माणसाला समजावणं सोपं आहे, कारण पालघर जिल्ह्यात ताडी सगळ्यांना माहीत आहे. सकाळी झाडावरून उतरवलेली नीरा गोड असते. हवेतलं यीस्ट त्यातली साखर खात जातं आणि ऊन चढेपर्यंत तिची ताडी होते. बिअरमध्ये साखर तयार मिळत नाही. आधी जव भिजवून मोड आणतात, मग वाळवतात. हा झाला माल्ट. तो गरम पाण्यात ठेवला की पिठाची साखर होते. ते पाणी हॉप्सच्या फुलांबरोबर उकळतात, म्हणजे कडूपणा आणि वास येतो. मग थंड करून निवडलेलं यीस्ट घालतात. ताडीत यीस्ट आपलं आपण येतं, बिअरमध्ये ते पाहुण्यासारखं बोलावून आणतात. फरक मुख्यतः एवढाच.

महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी पुण्यात २००९ मध्ये सुरू झाली. तिचं नाव डूलॅली, आणि त्या नावाची गोष्ट अस्सल मराठी मातीतली आहे. नाशिकजवळच्या देवळालीला इंग्रजांची छावणी होती. मायदेशी परतणारे सैनिक जहाजाची वाट बघत तिथे महिनोन्‌महिने पडून राहायचे. ऊन, ताप आणि रिकामपण यांनी काहींची डोकी फिरायची. त्यावरून इंग्रजीत वेडसर माणसाला 'डूलॅली टॅप' म्हणायला लागले. डूलॅली म्हणजे देवळाली, आणि टॅप म्हणजे आपला ताप! टॅपरूम चालवणाऱ्यांना यापेक्षा चांगलं नाव मिळणं कठीण होतं.

मुंबईत पहिलं ब्रूपब २०१३ मध्ये आलं. लोअर परळच्या 'बार्किंग डिअर'ने तेव्हा स्वतःची बिअर विकायला सुरुवात केली. पुढच्या दोन-तीन वर्षांत बरीच नावं आली, त्यातली काही बंदही पडली. महाराष्ट्रात एक सोय आहे: इथे छोट्या ब्रुअरीला आपली बिअर केगमध्ये भरून दुसऱ्या हॉटेलांना विकता येते. कर्नाटकात मायक्रोब्रुअरीची बिअर तिथल्या तिथेच विकावी लागते. म्हणूनच डोंबिवलीत बनणारी 'गेटवे'ची किंवा पुण्यातल्या 'ग्रेट स्टेट एलवर्क्स'ची बिअर मुंबईतल्या नळांवर दिसू शकते. बिअर टॅपवरची आहे म्हणजे ती त्याच छताखाली बनली, असं समजू नका. वेटरला विचारा, ते आनंदाने सांगतात.

पहिला थांबा: लोअर परळ

सकाळी अकराच्या सुमारास विरारहून जलद गाडी पकडून दादरला उतरा आणि धीम्या गाडीने लोअर परळला जा, कारण जलद गाड्या तिथे थांबत नाहीत. स्टेशनपासून सेनापती बापट मार्गावरचं मथुरादास मिल कंपाउंड चालत जाण्याच्या अंतरावर आहे. बंगळुरूचं प्रसिद्ध 'टॉइट' २०१७ पासून इथे आहे.

ही जागा नुसती पिण्याची नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला आणि गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखं झालं नाही. गिरण्यांच्या जागी मॉल, ऑफिसं आणि हॉटेलं आली. चाळीतली खोली विकून नालासोपारा-विरारकडे सरकलेली कुटुंबं आपल्या आसपास भरपूर आहेत. हे वाचणाऱ्यांपैकी काहींच्या आजोबांनी याच भागात पाळ्या केल्या असतील. तिथे आज एका ग्लासाचं बिल बघून थोडं विचित्र वाटलं, तर ते साहजिक आहे.

शेजारच्या कमला मिल्समध्ये २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री गच्चीवरच्या पबला लागलेल्या आगीत १४ जणांचा जीव गेला. कुठल्याही टॅपरूममध्ये, विशेषतः वरच्या मजल्यावरच्या, बसण्यापूर्वी बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठे आहे ते बघून ठेवा. अर्धा मिनिट लागतो.

दुसरा थांबा: खार

लोअर परळहून बोरिवलीकडे जाणारी धीमी गाडी पकडली की खार रोड. पश्चिमेला डूलॅलीचं टॅपरूम आहे. इथलं वातावरण पबपेक्षा कट्ट्यासारखं: बोर्ड गेम घेऊन बसलेली टोळकी आणि दुपारभर चालणाऱ्या गप्पा. जेवण इथेच उरकून घ्या. रिकाम्या पोटी पुढचा टप्पा गाठू नये.

तिसरा थांबा: अंधेरी

अंधेरी शेवटी ठेवण्याचं कारण बिअर नाही, रेल्वे आहे. विरारची जलद गाडी खार आणि लोअर परळला थांबत नाही, अंधेरीला थांबते. शिवाय काही विरार लोकल अंधेरीहूनच सुटतात.

इथली टॅपरूम स्टेशनपासून जरा लांब, पश्चिमेला वीरा देसाई रोड आणि न्यू लिंक रोडच्या पट्ट्यात आहेत. डूलॅलीचं एक आहे, आणि पुण्याच्या 'इंडिपेंडन्स ब्रूइंग कंपनी'चंही. दोन्ही एकमेकांपासून फार लांब नाहीत, त्यामुळे यातलं एकच निवडलं तरी चालेल. स्टेशनवरून रिक्षा करा किंवा मेट्रोने डी. एन. नगरला उतरून पुढे रिक्षा घ्या. परतताना ट्रॅफिकचा अर्धा तास हाताशी ठेवा. हॉटेलं बंद होतात, जागा बदलतात, तेव्हा निघण्यापूर्वी प्रत्येक ठिकाणी फोन करून घ्या.

गर्दीचं सांगायलाच हवं. संध्याकाळी साडेपाच ते साडेनऊ या वेळात अंधेरीला विरार जलद पकडणं म्हणजे काय, ते आपल्याला माहीत आहे. दोन ग्लास घेतलेल्या माणसाने दारात लटकू नये. एक तर पाचच्या आत निघा, नाहीतर निवांत बसून दहाच्या आसपास गाडी धरा. रविवार सोयीचा वाटतो, पण दिवसा जम्बो ब्लॉक असण्याची शक्यता असते. आदल्या दिवशी वेळापत्रक तपासा.

तिकिटाचीही एक गोम आहे. लोअर परळ ते विरार असं साधं तिकीट काढून मध्ये खार, मग अंधेरी असं उतरता येत नाही. त्या मार्गाचा पास असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर टप्प्याटप्प्याची तिकिटं काढा किंवा एका दिवसाचं पर्यटक तिकीट घ्या.

काय मागवायचं?

पहिल्यांदाच जात असाल तर मोठा मग मागवू नका. बहुतेक ठिकाणी चार-सहा छोट्या ग्लासांचा 'सॅम्पलर' मिळतो, तो दोघांत घ्या. क्रम हलक्याकडून जडाकडे ठेवा, म्हणजे जिभेला सगळ्या चवी कळतात.

सुरुवात गव्हाच्या बिअरने करा. जर्मन पद्धतीच्या 'हेफेवाइझन'ला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात केळं नसतं, लवंगही नसते, हा सगळा यीस्टचा खेळ आहे. केळ्याला वास देणारं रसायन ते यीस्टही तयार करतं. आगाशीची सुकेळी खात मोठ्या झालेल्या माणसाला हा वास डोळे मिटूनही ओळखता येईल. बेल्जियन 'विटबिअर'मध्ये मात्र खरोखरच संत्र्याची साल आणि धणे घालतात. त्यानंतर 'आयपीए', म्हणजे हॉप्स जास्त आणि कडूपणाही जास्त. कारलं आवडणाऱ्यांनी आधी घ्यावी, बाकीच्यांनी एक घोट चाखून ठरवावं. शेवटी 'स्टाउट'. भाजलेल्या माल्टमुळे ती काळी असते आणि चव कॉफीकडे झुकते. काळी म्हणजे कडक, हा मात्र गैरसमज आहे. रंग भाजण्यामुळे येतो, नशेचा त्याच्याशी संबंध नाही. ग्लासमागे अल्कोहोल किती टक्के, हे मेन्यूवर लिहिलेलं असतं, तेवढंच बघा.

किती प्यायची, आणि स्टेशनवर ठेवलेल्या स्कूटरचं काय?

या सगळ्या सफरीतला खरा धोका इथे आहे. 'आपण ट्रेनने गेलो, गाडी चालवायचा प्रश्नच नाही,' असं आपण म्हणतो. पण स्कूटर वसई रोड, नालासोपारा किंवा विरार स्टेशनजवळच्या पार्किंगमध्ये असते. रात्री अकराला उतरून तिच्यावरच घर गाठायचं असतं. अंतर तीन-चार किलोमीटरच, पण कायदा अंतर विचारत नाही, आणि समोरून येणारा टँकरही नाही.

हिशेब करून बघा. ५ टक्क्यांच्या बिअरचा ५०० मिलिलिटरचा एक मग म्हणजे जवळपास २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. मध्यम बांध्याच्या माणसाचं शरीर तासाला साधारण ७-८ ग्रॅम अल्कोहोल निपटतं. म्हणजे एका मगाला अडीच-तीन तास. तीन थांब्यांवर तीन मग घेतले, तर ते पूर्ण उतरायला आठ तास लागतात. दुपारी दीडला सुरुवात केली तरी रात्रीचे साडेनऊ झाले. वजन कमी असेल तर आणखी वेळ. स्त्रियांच्या बाबतीत बहुधा जास्तच. लिंबू सरबत, कॉफी, तोंडावर पाणी, यातल्या कशानेही हा वेग वाढत नाही.

मोटार वाहन कायद्यानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं, तर पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून त्या दिवशी स्कूटर घरीच ठेवा आणि स्टेशनपर्यंत रिक्षा करा. पार्किंगमध्ये ठेवून 'बघू नंतर' म्हणालात, की रात्री किल्ली खिशात असतेच.

रेल्वेचाही कायदा आहे. गाडीत किंवा स्टेशनवर दारूच्या नशेत असणं हा रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४५ नुसार गुन्हा आहे. त्यात डब्यातून उतरवण्यापासून कैदेपर्यंत तरतूद आहे. प्रत्येक ठिकाणी अर्धाच ग्लास, सोबत पाणी आणि खाणं, असा बेत ठेवला तर ही वेळ येत नाही.

वय, परवाना आणि ड्राय डे

महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी किमान वय २१, तर कडक दारूसाठी २५ आहे. वयाचा पुरावा जवळ ठेवा. १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. विदेशी मद्याचा एका दिवसाचा परवाना ५ रुपयांचा, वर्षाचा १०० रुपयांचा आणि आजीवन १,००० रुपयांचा. फारसं कोणी विचारत नाही हे खरं, पण नियम आहे.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी आणि मतदानाचे दिवस सोडून बेत आखा. दारूवर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये बार-हॉटेलात बसून पिण्यावरचा व्हॅट ५ वरून १० टक्के झाला. मेन्यूतली किंमत आणि बिल यांत फरक दिसला तर त्यातला काही भाग हा.

मुंबईला जायचंच नसेल तर?

त्याच रुळांवर उलट दिशेलाही एक पर्याय आहे. डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला 'हिल झिल वाइन्स' ही फळांची वाइन बनवणारी वायनरी आहे, आणि तिची ओळख चिकूची वाइन. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फळ नाशवंत, त्यामुळे ते टिकवून विकण्याचा हा मार्ग बागायतदारांच्याही उपयोगाचा. बोर्डीसाठी घोलवड स्टेशनला उतरायचं. डहाणू लोकल तिथपर्यंत जात नाही, डहाणू रोडला गाडी बदलावी लागते किंवा रिक्षा करावी लागते. परतीच्या गाड्या दोन-दोन तासांच्या अंतरानेही असू शकतात, तेव्हा घोलवडला उतरल्याबरोबर आधी परतीची वेळ बघून घ्या.