खानावळीच्या हिशेबातून उभं राहिलेलं समाजकार्य

नवी मुंबईचा इतिहास सांगायला बसलं की सुरुवात ठरलेली असते: १९७० साली सिडकोची स्थापना, १९७३चा वाशीचा खाडीपूल, १९९२ साली वाशीत आलेली लोकल आणि त्याच वर्षी सुरू झालेला महापालिकेचा कारभार. या हकिगतीत बायकांची संघटित कामं आलीच तर शेवटी येतात. सेक्टरात कुटुंबं राहायला आली, मग महिला मंडळं निघाली, हळदीकुंकू, भिशी, दिवाळीआधीचं फराळाचं प्रदर्शन सुरू झालं, असं सांगितलं जातं. घरचं आवरून उरलेल्या वेळात बायकांनी समाजकार्य केलं, असा त्याचा अर्थ निघतो. मला हा क्रम उलटा वाटतो. या शहरात स्त्रियांच्या सामूहिक कामाची जी टिकाऊ केंद्रं उभी राहिली, त्यांच्या मुळाशी धंदा होता. आधी कमाई, मग कमाईसाठी संघटना आणि त्या संघटनेतून समाजकार्य, या वाटेने ती घडली.

१९७५ हे वर्ष घेऊ. संयुक्त राष्ट्रांचं आंतरराष्ट्रीय महिला वर्ष ते हेच. राज्य सरकारने त्या फेब्रुवारीत महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन केलं. त्याच वर्षी ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ने वाशीत आपला पिठाचा विभाग सुरू केला. वाशी तेव्हा जेमतेम आकाराला येत होती. लिज्जतची सुरुवात मात्र त्याच्या बरीच आधीची: १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली होती. काम वाढलं तशी अडचण आली ती चवीची. शेकडो घरांत लाटलेला पापड एकाच चवीचा हवा, तर पीठ एका ठिकाणी दळलं पाहिजे. उडीद आणि मूग वाशीत दळायचे, पीठ तिथेच तपासायचं आणि शाखांना पाठवायचं, अशी घडी बसली. शाखेत सकाळी मळलेलं पीठ वाटतात. ‘बहिणी’, म्हणजे संस्थेच्या सभासद बायका, ते घरी नेतात, लाटतात, वाळवतात, दुसऱ्या दिवशी पापड तोलून देतात आणि मजुरी घेऊन जातात. प्रत्येक बहीण संस्थेची भागीदार असते आणि संस्था देणगी घेत नाही. ही शेवटची अट मला फार मोलाची वाटते, कारण ज्या मंडळाचा गाडा देणगीवर चालतो, त्याचा शब्द शेवटी देणगीदाराकडेच जातो.

दुसरं उदाहरण अन्नपूर्णा महिला मंडळाचं, आणि माझ्या म्हणण्याला खरा आधार तिथेच आहे. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगाराचं जेवण खानावळवाली सांभाळायची. चाळीतल्या एका खोलीत, गिरणीच्या पाळ्यांच्या वेळा धरून, दहा-वीस माणसांचे डबे व्हायचे. कामगार पैसे द्यायचा पगार झाल्यावर, वाण्याची उधारी मात्र रोज चढायची. मधली फट सावकार भरायचा आणि त्याच्या व्याजात तिची मेहनत जायची. गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या, कामगार चळवळीत मुरलेल्या प्रेमाताई पुरव यांनी ही फट नेमकी ओळखली. १९६९च्या राष्ट्रीयीकरणानंतर बँकांची दारं गरिबाला उघडली असं म्हटलं जात होतं. ते खरं करून घ्यायचं त्यांनी ठरवलं. १९७५ साली चौदा खानावळवाल्यांना बँक ऑफ बडोदाकडून प्रत्येकी पंधराशे रुपये कर्ज मिळालं. तारण ठेवायला त्यांच्याकडे काही नव्हतं, म्हणून त्या एकमेकींच्या जामीन राहिल्या आणि त्यातून अन्नपूर्णा उभी राहिली. नाबार्डने बचत गट बँकांना जोडण्याचा प्रयोग हाती घेतला तो १९९२ साली, म्हणजे सतरा वर्षांनी.

एकमेकींना जामीन राहायचं, तर एकमेकींच्या घरात काय चाललंय ते माहीत असावं लागतं. हप्ता का थकला, याची चौकशी करायला गेलं की नवऱ्याचं व्यसन, मारहाण, मुलीची सुटलेली शाळा, सगळं समोर येतं. वसुलीच्या बैठकीतून कुटुंबाचे प्रश्न संघटनेचे होतात, ते असे. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगारांचं काम थांबलं आणि खानावळींचं गिऱ्हाईकच तुटलं. अन्नपूर्णाच्या वाशीतल्या केंद्रातली कामं, म्हणजे केटरिंगचं प्रशिक्षण, मोठं स्वयंपाकघर, नोकरदार महिलांसाठी वसतिगृह, या पार्श्वभूमीवर बघायला हवीत. परक्या शहरात कामाला आलेल्या माणसाला जेवण आणि आसरा लागतो, हे खानावळवालीइतकं कुणाला कळणार?

यावर पहिला आक्षेप असा की, या संस्था मुळात मुंबईच्या. नवी मुंबईत त्या जागेसाठी आल्या. हे बरंचसं खरं आहे. पण हे शहरच मुंबईतून सरकलेल्या माणसांचं आणि बाजारांचं. एपीएमसीचे घाऊक बाजार मुंबईतून आले म्हणून कुणी त्यांना परके म्हणत नाही. दुसरा आक्षेप जास्त खोल जाणारा आहे. पंचाण्णव गावांच्या जमिनीवर हे शहर वसलं. त्या आगरी-कोळी बायकांचं काय? भात आणि मिठागरं गेली, मोबदला मिळाला तो सातबाऱ्यावर नाव असलेल्याला, आणि ते नाव बहुधा पुरुषाचं. शेतात आणि आगरात राबणाऱ्या बाईची मजुरी कोणत्याच कागदावर नव्हती. कोळणीची गोष्ट थोडी वेगळी. मासळी पुरुषाने धरायची, विकायची बाईने, त्यामुळे रोकड तिच्या हातात. दिवाळे किंवा सारसोळ्याची कोळीण बाजारात स्वतःच्या हिमतीवर उभी राहते. हा आक्षेप मी मान्य करते, पण त्याने माझं म्हणणं उलट पक्कंच होतं: जिथे बाईच्या हातात धंदा राहिला तिथे तिचा शब्द राहिला, आणि जिथे कमाईच गेली तिथे मंडळ काढूनही तो परत आणणं अवघड गेलं.

तिसरा आक्षेप पांढरपेशा मंडळींचा. व्यावसायिक स्त्री म्हणजे डॉक्टर, वकील, अधिकारी. पापड लाटणारीला किंवा डबे करणारीला त्यात कसं बसवायचं? अमेरिकेत १९१९ साली सेंट लुईस इथे व्यावसायिक स्त्रियांच्या क्लबांचा महासंघ स्थापन झाला आणि १९३०मध्ये लीना मॅडसिन फिलिप्स यांनी जिनिव्हात त्याला आंतरराष्ट्रीय रूप दिलं, तेव्हा त्यांचाही आग्रह हाच होता की पगार किंवा नफा कमावणारी बाई ही स्वतंत्र आर्थिक व्यक्ती आहे. ही कसोटी लावली तर गिऱ्हाईक, उधारी, कच्च्या मालाचे भाव आणि बँकेचा हप्ता एकाच वेळी सांभाळणारी खानावळवाली कुणाहून कमी व्यावसायिक ठरत नाही. सेक्टरातल्या महिला मंडळांना मी कमी लेखत नाही. त्यांच्या प्रदर्शनांतूनही घरगुती उद्योग उभे राहतात. मात्र त्यांचा इतिहास लिहिताना टेबलामागे उभी असलेली बाई त्या दिवशी काय कमावून गेली, आणि तो पैसा घरी कुणाच्या हातात गेला, हे आधी विचारलं पाहिजे. उद्घाटनाला कोण आलं होतं, ते नंतर.