बर्डीवर लाइनी भेटल्या, पण किती उशिरा?

मंडळी, नागपुरात जोड उशिराच होतो, हे आजचं नाही.

१८६७ मध्ये मुंबईकडून ब्रॉडगेज गाडी नागपूरला आली. पुढे १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला राजनांदगावपर्यंत लाइन झाली, पण ती मीटरगेज! म्हणजे छत्तीसगडचं धान्य नागपुरात उतरवा, दुसऱ्या डब्यात भरा, मग मुंबईला पाठवा. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे निघाली. तिने ही लाइन रुंद केली आणि १८९१ मध्ये आसनसोलला जोडली. तेव्हा कुठे हा खोळंबा संपला.

आता मेट्रो बघा. भूमिपूजन ऑगस्ट २०१४. मार्च २०१९ ला खापरी ते बर्डी, जानेवारी २०२० ला लोकमान्यनगरची बाजू. पण कामठी रोड आणि सेंट्रल अव्हेन्यूकडच्या बाजू पूर्ण सुरू झाल्या ११ डिसेंबर २०२२ ला. मधे कोरोना होता, मान्य. तरी जवळपास पावणेचार वर्षं आपली मेट्रो नागपूर रेल्वे स्टेशनलाच जोडलेली नव्हती! बॅगा घेऊन उतरलेला माणूस ऑटोवाल्याशीच घासाघीस करत होता. मीही केली.

आता दुसऱ्या टप्प्यात कन्हान, बुटीबोरी, हिंगणा, कापसी. माझं म्हणणं एकच : उद्घाटनाची फीत नंतर कापा, आधी जोड द्या. अर्ध्या लाइनवर पूर्ण शहर बसत नसते.

तुमच्या भागात काय स्थिती? सांगा.