फ्रॉइडचा सिद्धान्त आणि 'माउली'

आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी मार्गे इंदापुरात येते. या वाटेवर वारकरी एकमेकांना 'माउली' म्हणून साद घालतात. विठ्ठलही त्यांची आईच. पुरुषाने पुरुषाला आई म्हणावे, याचे येथे कोणालाच नवल वाटत नाही. व्हिएन्नात जन्मलेल्या मनोविश्लेषणाला मात्र या भावनेचा अर्थ लावताना आपली गृहीतके तपासून पाहावी लागली.

सिग्मंड फ्रॉइडने पुरुषाच्या मनोविकासाच्या केंद्रस्थानी पित्याशी असलेला संघर्ष आणि त्याच्याकडून होणाऱ्या शिक्षेचे भय मानले. १९२२ मध्ये कोलकात्यात इंडियन सायकोअॅनालिटिकल सोसायटी स्थापन करणारे डॉ. गिरींद्रशेखर बोस यांचा अनुभव वेगळा होता. भारतीय पुरुष रुग्णांत हे भय युरोपीय रुग्णांइतके ठळक नसते आणि स्त्री होण्याची सुप्त इच्छा अधिक सहज प्रकट होते, असे त्यांनी १९२९ मध्ये फ्रॉइडला पत्राने कळवले. फ्रॉइडने मूळ भूमिका सोडली नाही. १९३१ मध्ये सोसायटीने त्याच्या पंचाहत्तरीनिमित्त पाठवलेली हस्तिदंती विष्णुमूर्ती मात्र त्याने जपून ठेवली.

याच शास्त्राचा वापर वसाहतवादी दृष्टीनेही झाला. रांचीतील ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ ओवेन बर्कले-हिल यांनी १९२१ च्या लेखात हिंदूंचा धर्म व स्वभाव जणू विकृतीचे लक्षण ठरवला. वसाहतवाद माणसाच्या मनावर कोणते घाव घालतो, याचे विवेचन फ्रान्झ फॅनन यांनी १९५२ मध्ये केले. त्यातून या दृष्टीला आव्हान मिळाले.

भारतात हा विचार सुधीर कक्कर यांनी पुढे नेला. फ्रँकफर्टमध्ये मनोविश्लेषणाचे शिक्षण घेतलेले आणि पुढे गोव्यातील बाणावली येथे स्थायिक झालेले कक्कर २०२४ मध्ये निवर्तले. 'द इनर वर्ल्ड' (१९७८) या ग्रंथात त्यांनी भारतीय पुरुषाच्या मनातील मातृप्रतिमेचे प्राबल्य दाखवले, तर 'शामन्स, मिस्टिक्स अँड डॉक्टर्स' (१९८२) मध्ये मांत्रिक व देवस्थानांच्या उपचारपद्धती अभ्यासल्या. त्यांचे 'भारतीय मन' प्रामुख्याने उच्चवर्णीय हिंदू कुटुंबावर बेतलेले आहे, असा आक्षेप घेतला जातो. जात, लिंग व वर्ग यांचे मनावरील ओझे मोजल्याखेरीज हे परिवर्तन अपुरेच राहील.

हा वाद केवळ ग्रंथांपुरता नाही. उपचारकाच्या खोलीत रुग्ण देवाला आई म्हणतो, तेव्हा ते आजाराचे लक्षण मानायचे की त्याच्या मनाचा आधार, हे उपचारक कोणत्या चष्म्यातून पाहतो यावर ठरते.