घोड्याला, तट्टूला खोल जखम झाली तर? हळद-चुना नको, धनुर्वाताचं इंजेक्शन चुकवू नका

मेंढरांच्या मागे बिऱ्हाड वाहणारं धनगराचं तट्टू असो, वरातीची घोडी असो, नाहीतर सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेलं शिंगरू. काटेरी तारेत पाय फाटला किंवा खिळा रुतला की मालकाचा जीव खालीवर होतो. त्या घाईत हाताला लागेल ते जखमेत भरलं जातं. हळद, चुना, राख, काही ठिकाणी तर जळकं ऑइल. यानं जखम साफ होत नाही, उलट आतलं मांस भाजतं आणि डॉक्टरला टाके घालायला अडचण होते.

रक्त बघून घाबरू नका. ३०० किलोच्या तट्टूच्या अंगात साधारण २४ लिटर रक्त असतं. स्वच्छ सुती कापडाची जाड घडी जखमेवर १०-१५ मिनिटं दाबून धरा, मधेच उचलून बघू नका. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. वर दोरीनं आवळून बांधणं टाळा. रक्त चिळकांडीसारखं उडत असेल तर डॉक्टर येईपर्यंत दाब सोडायचा नाही.

रक्त थांबलं की धुवायचं. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे दीड-दोन सपाट चमचे. बाटलीच्या झाकणाला भोक पाडून धार मारा. पोव्हिडोन आयोडीन असेल तर फिक्क्या चहाच्या रंगाइतकं पातळ करूनच वापरा. टाके घालायचे तर शक्यतो ६ ते ८ तासांत डॉक्टर गाठावा लागतो.

मोठी फाटलेली जखम दिसायला भयंकर, पण खरा दगा देते ती बारीक भोकाची खोल जखम. वरून बुजते, आत पू धरते. खुरात खिळा असेल आणि डॉक्टर लवकर येणार असेल तर तो उपटू नका, जनावराला चालवू नका. काढावाच लागला तर कुठं, किती खोल आणि कोणत्या दिशेनं होता ते लक्षात ठेवा, खिळाही जपून ठेवा. सांध्याजवळच्या जखमेतून पिवळसर, चिकट पाणी येत असेल तर त्याच दिवशी उपचार पाहिजेत. सांध्यात पू झाला की घोडं कायमचं लंगडं होऊ शकतं.

धनुर्वाताचे जंतू मातीत आणि लिदीत असतात, हवा न लागणाऱ्या जखमेत वाढतात. बैलाला तसल्या जखमेनं काही झालं नाही म्हणून घोड्यालाही होणार नाही, हा हिशोब चुकीचा. पाळीव जनावरांत घोड्याला धनुर्वात सगळ्यात पटकन होतो. बहुतेक वेळा एक ते तीन आठवड्यांत चाल ताठते, कान उभे राहतात, शेपूट वर धरलं जातं, डोळ्यावर आतला पडदा सरकतो, जबडा मिटतो. मग वाचवणं फार अवघड. लस आधीच द्यायची: ४ ते ६ आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस, पुढे डॉक्टर सांगतील तसा बूस्टर. जखम झाली की आधीची लस कधी दिली ते डॉक्टरला सांगा.

गुडघ्याखालच्या जखमेत लाल मांस फुलकोबीसारखं वर येतं. त्यावर मोरचूद चोळू नका, ते डॉक्टरकडून कापून घ्या. माणसाच्या दुखण्याच्या गोळ्याही मनानं देऊ नका. डायक्लोफिनॅक तर गिधाडांमुळे जनावरांसाठी बंदच आहे.

फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री नंबर आहे. फोनवर जखम कुठं, कधी झाली, पाय टेकवतंय का, एवढं सांगा.