तटाआडची सुरत

धारूरचा किल्ला आणि मुरूडचा जंजिरा जवळजवळ एकाच वयाचे. आदिलशाही सरदार किश्वरखानानं 1567 च्या सुमारास धारूर बांधला, आणि दोनेक वर्षांत मुर्तझा निजामशहानं तो हिसकावून त्याला फत्तेहाबाद असं नाव दिलं. याच मुर्तझाच्या कारकिर्दीत तिकडे राजपुरीच्या खाडीत, कोळ्यांच्या राम पाटलानं उभारलेल्या लाकडी मेढेकोटाच्या जागी, 1567 ते 1571 या काळात दगडी तट चढला. एकाच दौलतीचे दोन किल्ले. धारूर आमच्या बीड जिल्ह्यातल्या वडवणीहून तेलगावमार्गे हाकेच्या अंतरावर. तो या हातातून त्या हातात जात राहिला, 1631 मध्ये मोगलांनीही घेतला. जंजिरा मात्र एकदा सिद्दींच्या हातात गेला तो 1948 पर्यंत त्यांच्याच हातात राहिला.

मी वडवणीत शाळेत इतिहास शिकवला. सहली काढल्या की मुलांना समुद्र दाखवायचाच, आणि समुद्र म्हटला की जंजिरा. राजपुरीच्या धक्क्यावर उभं राहिलं की कोणीतरी विचारायचंच, "सर, एवढं जवळ हाय, मग महाराजांनी का नाही घेतला?" प्रश्न रास्त आहे. किनाऱ्यापासून अंतर पाऊण किलोमीटरच्या आसपास. आमच्या पोरांना एवढं अंतर म्हणजे शाळेतून घरी जाण्याइतकं.

होडीवाल्यांकडे याचं उत्तर तयार असतं. शिडाची होडी तटाजवळ सरकते तरी दरवाजा दिसत नाही. दोन बुरुजांच्या बेचक्यात तो असा बसवलाय की होडी अगदी पायरीला टेकायला आल्यावरच उघडा पडतो. पायरीवर शेवाळ, होडी वरखाली होतेय, एक माणूस दोरी धरून आणि दुसरा आपला दंड धरून ओढून घेतो. दरवाज्याच्या बाजूला पायांखाली हत्ती चिरडणाऱ्या श्वापदाचं शिल्प आहे. मग कलालबांगडी तोफ, ती उन्हात तापत नाही वगैरे. हे सगळं ऐकून पोरं थक्क होतात आणि प्रश्न सुटला असं समजतात. मला ते उत्तर कधीच पुरेसं वाटलं नाही. तोफा आणि तट धारूरलाही होते.

आमच्या भागातल्या माणसाचं लक्ष तोफेपेक्षा तलावाकडे जातं. चोहीकडे खारं पाणी आणि मधोमध गोड्या पाण्याचे दोन तलाव! उन्हाळ्यात टँकरची वाट बघत वाढलेल्या एका मुलानं तिथं विचारलं होतं, "सर, म्हंजी ह्यांचं पाणीच तोडता येईना?" त्या पोरानं निम्मा इतिहास सांगून टाकला. वेढा म्हणजे तहान आणि भूक यांची लढाई. तहान जंजिऱ्याला नव्हती. राहिली भूक, आणि भुकेची सोय भलत्याच ठिकाणी झालेली होती.

सिद्दी मूळचे आफ्रिकेतले, हबसाणातले. त्यांच्याकडे परके म्हणून बघायचं असेल तर मराठवाड्यानं जरा जपून बघावं. ज्यानं आमच्याकडची जमाबंदी बसवली आणि औरंगाबादचं मूळचं खडकी शहर वसवलं, तो मलिक अंबर हबशीच; त्याची कबर खुलताबादला आहे. 1636 मध्ये निजामशाही बुडाली, कोकणपट्टी आदिलशहाकडे गेली, आणि जंजिरेकर सिद्दी त्याचे चाकर झाले. चाकर म्हणायचं एवढंच, कारभार त्यांचा तेच बघत.

शिवाजीमहाराजांनी 1657 पासून या बेटाचा पिच्छा पुरवला. खाडीकाठचं दंडा-राजपुरी घेतलं. 1669-70 च्या सुमारास वेढा इतका आवळला की जंजिऱ्याचा सुभेदार फत्तेखान किल्ला द्यायला तयार झाला. इथं गोष्ट संपायला हवी होती. पण त्याच्याच हाताखालच्या सिद्दी सरदारांनी त्याला कैद केलं आणि आदिलशहाला सोडून औरंगजेबाकडे अर्ज केला. बादशहानं हात सैल सोडला: याकूतखान हा किताब, मोगली आरमाराची मदत, आणि सुरतेच्या उत्पन्नातून सालाला 3 लाख रुपये. माझ्या मते जंजिऱ्याचा खरा बुरूज हा. तो मुरूडला दिसत नाही, कारण तो सुरतेला आहे. 1671 च्या होळीच्या रात्री मराठे सणात असताना त्यांच्यातल्या सिद्दी कासमनं दंडा-राजपुरी परत घेतली ती याच जोरावर.

पावसाळ्यातही त्यांची सोय होती. या किनाऱ्यावर चार महिने जहाजं बाहेर काढता येत नाहीत, तेव्हा सिद्द्यांचं आरमार मुंबईला माझगावात येऊन बसे. इंग्रजांना ते नको असे. सिद्द्यांचे खलाशी गावात दंगा करत, वर मराठ्यांचा राग ओढवे. पण सुरतेची वखार मोगलांच्या मर्जीवर चाललेली, तेव्हा नाही म्हणणार कोण? म्हणजे मराठ्यांनी वेढा घालायचा एका बेटाला आणि लढायचं ते दिल्ली, सुरत आणि मुंबई या तिघांशी. दरम्यान किनाऱ्यावरच्या रयतेचे हाल कुत्रा खात नव्हता. सिद्दी गावं लुटत, माणसं धरून नेत.

महाराजांना हे कळत होतं, म्हणून तर त्यांनी पद्मदुर्ग बांधला. मुरूडसमोरच्या कासा बेटावर, जंजिऱ्याच्या छातीवर. त्या किल्ल्याला वेळेवर रसद न पोचवणाऱ्या जिवाजी विनायक या सुभेदाराला त्यांनी लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. हबशानं तुला चाकर करून घेतलं की काय, या अर्थाची त्यात झोड आहे, आणि ब्राह्मण म्हणून भीड धरली जाणार नाही हेही बजावलंय. तलवारीपेक्षा त्या पत्रात धान्याचीच चिंता जास्त. वर्गात मी ते नेहमी वाचून दाखवत असे. ज्याला गुदामाचा हिशेब कळत नाही त्याला वेढा कळत नाही.

1676 मध्ये मोरोपंत पिंगळे फौज घेऊन उतरले. बखरी सांगतात की लाय पाटील नावाच्या कोळ्यानं अंधारात होड्या नेऊन तटाला शिड्या लावल्या. वर गस्त, खाली लाटांवर डुलणारी होडी, आणि त्यात उभं राहून शिडी धरायची! पण मोरोपंतांची चढणारी तुकडी आलीच नाही. उजाडायला लागलं तेव्हा पाटलानं शिड्या काढून घेतल्या आणि परतला. महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला. समुद्रात फिरणाऱ्यानं पालखी घेऊन करायचं काय, असं म्हणून त्यानं ती नाकारली, तेव्हा त्याला ‘पालखी’ नावाचं गलबत बांधून दिलं. ही गोष्ट सांगताना मला मोरोपंतांचा राग येतो, अजूनही.

असंच 1949 च्या ऑक्टोबरात चीनच्या किनाऱ्याला लागून असलेल्या किनमेन बेटावर झालं. माओच्या फौजेचे सुमारे 9,000 सैनिक मासेमारीच्या होड्यांतून उतरले, ओहोटी लागली, होड्या वाळूत रुतल्या, त्या जाळल्या गेल्या आणि मागची तुकडी पलीकडच्या काठावरच राहिली. किनमेन आजही तैवानकडे आहे.

पुढे संभाजीराजांनी आधी कोंडाजी फर्जंदाला फितुरीचं सोंग देऊन जंजिऱ्याच्या आत पाठवलं. दारूकोठार उडवायचा बेत फुटला आणि कोंडाजी मारला गेला. मग 1682 मध्ये त्यांनी थेट समुद्रच बुजवायला घेतला, दगड आणि लाकडं टाकून. आमची पोरं इथं जागी होतात. समुद्रात रस्ता टाकायचा ही कल्पनाच त्यांना आवडते. ते काम तडीला गेलं नाही, कारण मोगली फौज कल्याणकडून आत घुसली आणि राजांना वेढा दादाजी रघुनाथांवर सोपवून परतावं लागलं. पुढच्याच वर्षी, 1683 मध्ये, चीनच्या चिंग बादशहाच्या शी लांग या सेनापतीनं पेंगहू बेटांपाशी तैवानच्या झेंग घराण्याचं आरमार मोडलं आणि तैवान शरण आलं. तिथं बादशहाच चालून आला होता. झेंगांना पाठीशी घालणारी त्याच्या तोडीची दुसरी सत्ता नव्हती. इकडे मोगल बादशहा सिद्द्याचा पोशिंदा.

मग मोगल खचले, तर पोशिंद्याची जागा इंग्रजांनी घेतली. 1733 मध्ये सिद्दी रसूल मेल्यावर त्याच्या वारसांत भांडण लागलं आणि बाजीराव पेशवे चालून गेले. त्याच मोहिमेत शाहूमहाराजांच्या प्रतिनिधींनी रायगड परत मिळवला, पण प्रतिनिधी आणि पेशवे यांचं आपसातच जमेना, आणि मुंबईकर इंग्रज सिद्द्याच्या मदतीला होते. शेवटी तहात अकरा महालांपैकी साडेपाच मराठ्यांना मिळाले. 1736 मध्ये चिमाजीअप्पांनी सिद्दी सातला लढाईत मारलं, तरी बेट राहिलंच. सगळ्यात मजेशीर व्यवहार 1791 चा. गादीवरचा हक्क सांगणाऱ्या बाळूमियाँनं जंजिऱ्यावरचे आपले हक्क पेशव्यांना लिहून दिले आणि बदल्यात सुरतेजवळचं सचिन घेतलं. त्याचा वंश तिथं नबाब म्हणून नांदला. पेशव्यांच्या हाती कागद राहिला, कारण बेटावर बसलेला सिद्दी तो कागद मानायला तयार नव्हता.

जंजिरा संस्थान भारतात विलीन झालं ते 1948 च्या मार्चमध्ये, एकही गोळी न सुटता. आमचं बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. चोहोबाजूंनी भारत आणि मधे हे संस्थान, म्हणजे तेही बेटच म्हणा, फक्त जमिनीतलं. निजामालाही रसदीची गरज कळत होती. पोर्तुगीजांकडून गोव्यातलं मुरगाव बंदर मिळवायची खटपट झाली, ती फसली. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक रात्री विमानांतून हत्यारं आणून उतरवत होता. पण विमानातून येऊन येणार किती? 13 सप्टेंबरला सोलापूरकडून निघालेल्या भारतीय फौजेनं पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतला आणि 17 तारखेला निजाम शरण आला. मुरूडची माणसं आमच्याआधी सहा महिने भारतात आली होती, हे सांगितलं की वडवणीच्या पोरांना अजून पटत नाही.