टाकीतली समुद्रकाकडी

परवा ओळखीच्या एका पोराने घरची समुद्री टाकी दाखवायला बोलावलं. वाळूवर बोटभर लांब, काळं, अंगाला वाळू चिकटलेलं काहीतरी पडलेलं. "सर, दगडाबरोबर आली. जळू आहे का हो?"

जळू नव्हे, समुद्रकाकडी. ताऱ्यामाशाची चुलत बहीण. एका टोकाला तोंड, भोवती आखूड मिशा. वाळू गिळायची, त्यातलं कुजकं खायचं, साफ वाळू मागे टाकायची. टाकी लहान आणि चकाचक असली की उपाशी मरते. पंपात अडकून चिरडली, तर काही जातींच्या विषाने टाकीतले मासेही मरतात.

या बिनचेहऱ्याच्या प्राण्याने समुद्र ओलांडायला लावलेत. चिनी लोक हिला 'हायशेन' म्हणतात, म्हणजे समुद्रातलं जिनसेंग. त्या मागणीपायी आजच्या इंडोनेशियातल्या मकासारचे खलाशी अठराव्या शतकात दरसाल ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्याला जायचे. काकड्या उकडून, वाळवून, धुरी देऊन न्यायचे. १८०३ मध्ये मॅथ्यू फ्लिंडर्सला तिथे पोबासू नावाच्या तांडेलाचा ताफा भेटला. १९०६-०७ मध्ये सरकारने त्यांचं येणं बंद केलं. पण तिथल्या योल्ङू लोकांच्या भाषेत पैशाला आजही 'रुपिया' म्हणतात. ही त्याच व्यापाराची खूण.

आपल्याकडे मन्नारच्या आखातातून हाच माल पूर्वेला जायचा. १९८२ मध्ये तीन इंचांहून लहान मालाच्या निर्यातीवर बंदी आली. २००१ मध्ये तर सगळ्या समुद्रकाकड्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेल्या. म्हणजे थेट वाघाच्या पंगतीत! शिकार किंवा व्यापार केला तर किमान तीन वर्षं कैद. रामनाथपुरमकडच्या बुड्या मारणाऱ्या मच्छीमारांचा धंदा बसला. समोर श्रीलंकेत मात्र परवाना काढून हेच काम चालतं. त्यांनी हे बघत बसायचं.

बंदी बरोबर की चूक, यावर भांडू. पण जाळ्यात चुकून आलेल्या काकडीपायी गरीब माणूस धास्तावतो, आणि शहरात तीच दिवाणखान्याची शोभा होते, हे काही पटत नाही.

पोरगा गप्प झाला. मग म्हणाला, "समुद्रात सोडून येऊ?"

म्हटलं, अजिबात नको. कुठल्या समुद्रातली, काय रोग घेऊन आलेली, तुला ठाऊक आहे का? उद्या वनखात्यात जाऊ, मी येतो सोबत.

तुमच्याकडे टाकी असेल तर दुकानदाराला एकच विचारा: हा जीव आला कुठून? उत्तर देताना तो अडखळला, तर खिशातला हात खिशातच ठेवा.