एक तलाव, अनेक तलाव

मराठीत आकारांत नसलेली पुल्लिंगी नामे अनेकवचनात बदलत नाहीत. कोकणातल्या धामापूरच्या माणसाला या नियमाची उदाहरणे दाराबाहेर पडताच दिसतात: एक माड, दहा माड, एक काजू, पसाभर काजू. 1530 साली विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी बांधलेला गावचा तलावही त्याच गटातला. एक तलाव, दोन तलाव. किती आहेत ते संख्या सांगते, नाहीतर क्रियापद. धामापूरचे मूल इंग्रजीत 'टू लेक' लिहिते ते या सवयीने, आणि त्यात आळसापेक्षा तर्क अधिक असतो.

घरच्या मालवणीची वचनव्यवस्था मात्र प्रमाण मराठीहून थोडी वेगळी आहे. आंबो–आंबे, घर–घरां, झाड–झाडां, चेडू–चेडवां. नपुंसकलिंगी अनेकवचनाचा हा नाकातला 'आं' शाळेत अशुद्ध ठरवला जातो. तो अशुद्ध नाही. किनाऱ्यावरच्या बोलींचा तो जुना, नेमाने चालणारा प्रत्यय आहे.

या बोलींच्या सख्ख्या बहिणीचे, म्हणजे गोव्याच्या कोकणीचे, पहिले छापील व्याकरण एका इंग्रजाने लिहिले. 1579 मध्ये गोव्यात आलेल्या जेझुइट फादर थॉमस स्टीफन्सने ते पोर्तुगीजमध्ये रचले. त्याच्या मृत्यूनंतर, 1640 मध्ये, ते रायतूरला छापले गेले. पुढे 1805 मध्ये विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण बंगालमधल्या श्रीरामपूरहून निघाले. दोन्ही पुस्तके परक्यांना इथली भाषा शिकवण्यासाठी होती.

एकोणिसाव्या शतकात इथल्या लोकांनी मराठी आणि इंग्रजीचे शिक्षण हाती घेतले. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी 1832 मध्ये 'दर्पण' हे वृत्तपत्र काढले. त्यात इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी-शेजारी, दोन रकान्यांत असे. त्यांनी मुलांसाठी 'बालव्याकरण'ही लिहिले. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण 1836 मध्ये आले. त्याच घराण्याच्या नावाने ओळखली जाणारी 'भाषांतर पाठमाला' नंतर कित्येक पिढ्यांच्या हाती होती. वाक्य मराठीतून इंग्रजीत न्यायचे आणि परत आणायचे, ही तिची रीत. वचनासाठी तीच रीत सर्वांत उपयोगी, कारण दोन भाषा कुठे वेगळ्या वाटेने जातात ते भाषांतरातच उघडे पडते.

इंग्रजी अनेकवचन शिकताना खरी अडचण 'एस' लावण्याची नव्हे. जुन्या इंग्रजीत अनेकवचनाचे कितीतरी प्रत्यय होते. 'एस'ने हळूहळू बहुतेकांना मागे सारले आणि 'ऑक्सन', 'फीट', 'मेन' अशी थोडीच रूपे उरली. ती पाठ होतात. गोंधळ होतो तो वर्तमानकाळाच्या क्रियापदाशी. 'बॉय प्लेज' आणि 'बॉइज प्ले': नामाला लागलेला 'एस' अनेकत्व दाखवतो, क्रियापदाला लागलेला एकत्व. मराठीत 'मुलगा खेळतो, मुलगे खेळतात' असे दोघेही एकाच बाजूला झुकतात. हे उलटेपण शिक्षकाने फळ्यावर दोन्ही जोड्या मांडून दाखवावे, नाहीतर मूल 'एस' कुठेही चिकटवत राहते.

दुसरी अडचण मोजण्याची. मराठीत तांदूळ निवडले जातात, पोहे भिजवले जातात, केस वाढतात, सगळे अनेकवचनी. इंग्रजीत 'राइस' आणि 'हेअर' एकवचनी धरतात. भात मात्र मराठीतही शिजतो तो एकवचनातच. कोकणातल्या स्वयंपाकघरातून सुरू केलेला हा धडा मुलाला चटकन कळतो.

तिसरी अडचण आदराची. 'गुरुजी आले' हे एकाच माणसाबद्दलचे अनेकवचन. मूल ते इंग्रजीत नेऊन गुरुजींना 'दे' म्हणते. इंग्रजीतही 'यू' हे मूळचे अनेकवचन. आदराने एकालाही ते वापरता वापरता 'दाऊ' हे एकवचन रोजच्या बोलण्यातून गेले. हे सांगितले की मुलाला आपली चूक परकी वाटत नाही.

शब्द उलट दिशेनेही आले. पोर्तुगिजांकडून आलेला बटाटा मराठीच्या नियमाने 'बटाटे' झाला, चावीच्या 'चाव्या' झाल्या आणि पाव पावच राहिला. इंग्रजीतून आलेली फाइल 'फायली' झाली, पण 'बसेस' आपले इंग्रजी अनेकवचन घेऊनच मराठीत रुळली.

महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. त्याआधी ती पाचवीत सुरू होई, तेव्हा मुलाला मराठीतले एकवचन–अनेकवचन आधी शिकून झालेले असे. आता 'वन ट्री, टू ट्रीज' आधी येते आणि 'झाड–झाडे' व्याकरण म्हणून नंतर. तोवर घरचे 'झाडां' तोंडात पक्के बसलेले असते.